पाककृती छापलीत, शिधा राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्वयंपाकावर आलेला लेख मी इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये मोबाइलवर वाचला. सांगलीहून भाचीने पाठवला, सोबत ‘मावशी, तुझा विषय!’ एवढेच. विषय माझा म्हणायला हरकत नाही. मी इथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षे काढली, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या दुपारच्या जेवणासाठी दर नोव्हेंबरात युद्धकाळातला एक बेत करते. साध्या, स्वस्त भाज्यांवर कुणी पान भरून लिहिले याचा आनंद झाला. पण त्या पानावर चौकटीत ‘वूल्टन पाय’ची, म्हणजे वर पिठाचे झाकण घालून भट्टीत भाजलेल्या भाज्यांची, जी कृती छापली आहे, ती वाचून मात्र गप्प बसवेना.

चौकटीत दीडशे ग्रॅम लोणी आहे, दोनशे ग्रॅम चेडर चीज आहे, दोन मोठे कांदे आहेत आणि वरून अर्धी वाटी क्रीम. खाली लिहिले आहे : चार जणांसाठी. इतके सगळे घातल्यावर दुधी भोपळासुद्धा लग्नाच्या पंगतीत वाढता येईल. फोटोत वर कोथिंबीरही दिसते; तिच्याबद्दल मी काही म्हणत नाही.

युद्धात इथल्या मोठ्या माणसाला आठवड्याला रेशनवर मिळायचे ते साधारण असे : लोणी 2 औंस, म्हणजे 57 ग्रॅम. मार्गारिन 4 औंस. चीज बहुतेक काळ 2 औंस. साखर 8 औंस, चहा 2 औंस, बेकन 4 औंस. मिळाले तर एक अंडे. मांस वजनावर नव्हे, किमतीवर. एक शिलिंग दोन पेन्सला जेवढे येईल तेवढे. आकडे वर्षागणिक खालीवर व्हायचे, चीज तर 1941 मध्ये सुरुवातीला आठवड्याला एकच औंस होते. आता हिशेब करा. आपल्या चौकटीतल्या एका पायमध्ये चार माणसांच्या घराचे आठवड्याचे जवळजवळ सगळे चीज गेले आणि लोणी दोन तृतीयांश. तेही एका दुपारी. सोमवारी हा पाय केला तर मंगळवारपासून रविवारपर्यंत पावाला काय लावायचे, ते लेखिकेने सांगितलेले नाही. क्रीम विकायला तर तेव्हा बंदीच होती.

मूळ कृती लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याच्या, फ्रान्स्वा लात्री यांच्या स्वयंपाकघरातली, आणि नाव अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांचे. ‘टाइम्स’ने ती एप्रिल 1941 मध्ये छापली. तीत बटाटा, फ्लॉवर, स्वीड नावाचा कंद आणि गाजर हे प्रत्येकी एक पौंड, बारीक चौकोनी चिरलेले. पातीचे तीन-चार कांदे. भाज्यांच्या अर्काचा एक चमचा (मी मार्माइट घालते) आणि एक मोठा चमचा ओटचे पीठ. जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात हे सगळे दहा मिनिटे शिजवायचे, तळाला लागू नये म्हणून मधूनमधून हलवायचे, गार होऊ द्यायचे. मग खोलगट भांड्यात भरून वर चिरलेली पार्सली, त्यावर बटाट्याचे किंवा कोंड्याच्या कणकेचे झाकण, आणि भट्टीत तांबूस होईपर्यंत भाजायचे. सोबत तपकिरी ग्रेव्ही. चीज नाही. लोण्याचा उल्लेख नाही. स्निग्ध पदार्थ काय असेल तो वरच्या पारीत, बाकी कुठेही नाही.

ही कृती मी इतक्यांदा केली आहे की तिच्यामागचा विचार आता हाताला कळतो. ओटचे पीठ भाज्यांचे पाणी धरून ठेवते. त्याने रसाला दाटपणा येतो आणि लोणी-मैद्याचा सॉस करावा लागत नाही. ओट नसले तर आपण आमटीला लावतो तसे थोडे डाळीचे पीठ लावून पाहावे, चालते. स्वीड हा फ्लॉवरपेक्षा सावकाश शिजतो, म्हणून त्याच्या फोडी बोराएवढ्याच हव्यात, नाहीतर फ्लॉवरचा लगदा होतो आणि स्वीड दाताखाली कचकचतो. स्वीड म्हणजे पिवळ्या गराचा, जाड सालीचा मोठा कंद, सलगमच्या घरातला. आपल्याकडे नसेल मिळत तर सलगम किंवा नवलकोल घ्या. पण लेखात म्हटले आहे तसे ‘आवडत नसल्यास वगळा’ हे नको. या पायला थोडा तिखटपणाकडे झुकणारा जो वास आहे, तो स्वीडचाच. वगळला की उरते ते बटाट्याचे मऊ सारण.

झाकणाचे माझे प्रमाण लिहून ठेवते : कणीक 225 ग्रॅम, उकडून कुस्करलेला बटाटा 115 ग्रॅम, मार्गारिन 85 ग्रॅम, मीठ, चिमूटभर बेकिंग पावडर. बटाटा पूर्ण गार हवा, नाहीतर पीठ सैल होते आणि आपण घाबरून कणीक वाढवत बसतो. बटाट्यामुळे चरबी कमी लागते आणि झाकण मऊ राहते. खुसखुशीत होणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. एका मोठ्या भांड्याला हे पुरते आणि सहा जण जेवतात. एवढी 85 ग्रॅम चरबी सहा जणांत वाटली, की शिध्याला धक्का न लावता जेवण होते. कृतीची हुशारी ती हीच. पौंड-पौंड भाज्या घ्यायला कुणाची मनाई नव्हती, कारण भाज्या आणि बटाटे युद्ध संपेपर्यंत रेशनवर आलेच नाहीत. तुटवडा होता तो तूप-तेलाचा, साखरेचा आणि मांसाचा. म्हणून त्या काळची कोणतीही पाककृती वाचताना आधी चरबी कुठे आणि किती आहे ते पाहावे.

कांद्याचेही तसेच. आपल्या चौकटीत ‘दोन मोठे कांदे परतून घ्या’ असे वाचले आणि हसू आले. ब्रिटनचा कांदा बराचसा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून आणि चॅनेल बेटांवरून यायचा. 1940 च्या उन्हाळ्यात तो सगळा मुलूख जर्मनांच्या ताब्यात गेला आणि कांदा दिसेनासा झाला. कचेऱ्यांमध्ये एकेका कांद्याची सोडत निघायची. मूळ कृतीत पातीचे तीन-चार कांदे आहेत ते यासाठी. पात घरच्या वाफ्यात, अगदी खिडकीतल्या डब्यातही येते. कांद्यावाचून आपले पान हलत नाही, त्यामुळे ही अडचण मराठी वाचकाला न सांगताही कळली असती, पण ती सांगायला तर हवी. आमच्या जेवणाला येणाऱ्या एक बाई युद्ध सुरू झाले तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. कांद्याऐवजी लीक (कांद्याच्या कुळातली जाड पातीची भाजी) घातलेले सूप त्या अजून एका घोटात ओळखतात आणि तोंड वाकडे करतात. पाय मात्र दुसऱ्यांदा घेतात.

गाजरांबद्दल लेखात लिहिले आहे की ब्रिटिश वैमानिक गाजरे खाऊन अंधारात शत्रूची विमाने पाहू शकत. नाही हो. रात्रीच्या लढाईत नाव कमावलेला जॉन कनिंगहॅम हा वैमानिक विमान शोधायचा ते विमानात बसवलेल्या रडारमुळे, आणि रडारची वाच्यता करायची नव्हती. इकडे गाजराचे पीक अमाप आले होते आणि ते खपवायचे होते. दोन्ही गोष्टींना गाजराची कथा सोयीची पडली. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येतो हे खरे. पण ज्याला कमी नाही त्याने ढीगभर गाजरे खाल्ली तरी दिवा लागत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मी स्वतः मुलांना ही कथा सांगून गाजरे संपवून घेतली आहेत, त्यामुळे तिच्या उपयुक्ततेबद्दल शंका नाही. वर्तमानपत्रात सत्य म्हणून छापू नये इतकेच.

गाजराचा खरा उपयोग गोडाला व्हायचा. साखर आठवड्याला 227 ग्रॅम, त्यात चहा, मुरंबा, केक सगळे. गाजर किसून घातले की पुडिंगमध्ये साखर कमी लागते. गाजराच्या हलव्यावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे शिकवायला नको, पण त्या हलव्यातले तूप, दूध आणि साखर काढून टाका आणि मग विचार करा काय उरते. त्या बायकांना तेवढ्यातूनच मुलांच्या तोंडाला चव आणायची होती. गाजर किसून आलुबुखाराच्या जॅममध्ये शिजवायचे, बदामाच्या इसेन्सचे थेंब घालायचे आणि त्याला जर्दाळूचा फ्लॅन, म्हणजे वरून उघडा गोड पाय, म्हणायचे. मुले आइस्क्रीमऐवजी काडीला टोचलेले कच्चे गाजर चोखत. मी जर्दाळूचा तो फ्लॅन करून वाढला आहे. जर्दाळूशी त्याचा संबंध नाही, पण वाईट लागत नाही. मात्र गरमच खावा.

लेखात आणखी एक सूर आहे, तो मला खटकला. ‘उकडलेल्या भाज्या खाऊन अख्खा देश सडपातळ आणि निरोगी झाला, आपणही आठवड्यातून एक दिवस युद्धदिन पाळावा’ असा. लोक धडधाकट राहिले, युद्ध संपताना अर्भकमृत्यूचे प्रमाण आधीपेक्षा खाली आले, हे खरे. पण ते एकट्या कोबीचे काम नव्हे. 1940 च्या जुलैपासून गरोदर बायकांना आणि लहान मुलांना रोजचे दूध स्वस्तात किंवा फुकट मिळू लागले. त्यांची रेशनपुस्तके हिरवी असत, आणि फळे आली की आधी त्यांना मिळत. काॅडलिव्हर तेल आणि संत्र्याचा रस वाटला गेला. 1942 पासून पाव एकाच प्रकारचा झाला, धान्याचा 85 टक्के भाग राहील अशा करड्या पिठाचा. पुढे पिठात कॅल्शियमसाठी चक्क खडूची पूड मिसळली, कारण हाडे मऊ राहण्याची भीती होती. हे कुणी हवेतून ठरवले नव्हते. केंब्रिजचे आहारशास्त्रज्ञ एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅक्कान्स यांनी स्वतः आणि काही सहकाऱ्यांनी काही महिने तुटपुंज्या शिध्यावर, मुख्यतः पाव, बटाटे आणि कोबीवर राहून पाहिले. मग भर हिवाळ्यात लेक डिस्ट्रिक्टमध्ये सायकली हाणल्या, डोंगर चढले. तब्येती टिकल्या. तक्रारी दोनच : एवढे सगळे चावून खायला फार वेळ लागतो आणि पोटात वारा फार धरतो. त्यांना हिंगाची डबी कुणी दिली नाही. मी पायमध्ये चिमूटभर हिंग घालते आणि आमच्या मंडळींना ते सांगतही नाही.

हिंगाचा विषय निघाला म्हणून सांगते. या कृतींना फोडणी द्यावी का, असा प्रश्न भाचीने विचारला. तेव्हाच्या पत्रकांतही करी पावडर घातलेल्या कृती आहेत, तेव्हा मसाल्याला सोवळे नाही. पण तेल मोजून घ्या. चार चमचे तेलात मोहरी तडतडवली की हिशेब बिघडला. मी एका चमच्यात जिरे आणि हिंग एवढेच करते, आणि तो चमचा पारीच्या मार्गारिनमधून वजा करते. आमचे हे म्हणतात, पाय खाताना लिंबाचे लोणचे घेतले तर ते शिध्यात धरायचे का? त्या काळी इथे लिंबूच मिळत नव्हते, असे सांगितल्यावर बरणी परत फडताळात गेली. पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर आली, ते असो.

भाज्या शिजवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र लेखिकेने इंग्रजांवर अन्याय केला आहे. ‘तासभर उकळून चोथा करत’ असे त्या लिहितात. अनेक घरांत करत असतील. पण सरकारचे अन्न खाते नेमके याच्याविरुद्ध रोज ओरडत होते. बीबीसीवर सकाळी सव्वाआठला पाच मिनिटांचा ‘किचन फ्रंट’ कार्यक्रम लागायचा, वर्तमानपत्रांत दर आठवड्याला माहितीची चौकट यायची. सांगणे काय, तर कोबी बारीक चिरा, थोड्याच पाण्यात झाकण ठेवून शिजवा, पाणी फेकू नका, सूपमध्ये घाला. बटाटे सालासकट शिजवा. साली पाहून लॉर्ड वूल्टन यांच्या काळजाला घरे पडतात अशा अर्थाचे एक गमतीदार यमकही लोकांच्या तोंडी होते. अन्न वाया घालवणे 1940 च्या ऑगस्टपासून कायद्याने गुन्हा होता. शिवाय गॅस आणि कोळसाही जपून वापरायचा. भट्टी एकदा तापवली की तिच्यात पाय, खाली भाजायला बटाटे आणि निवता निवता पुडिंग, असे तिन्ही उरकायचे. आपल्या चौकटीत पायसाठी एकट्याला पाऊण तास भट्टी लावली आहे. मी अर्धा तास लावते, कारण भाज्या आधीच शिजलेल्या असतात.

आणि शेवटचा मुद्दा भारताचा, कारण लेखाच्या अखेरीस ‘आपल्याकडे रेशन स्वातंत्र्यानंतर आले’ असे वाक्य आहे. मुंबईत रेशनिंग 2 मे 1943 ला सुरू झाले. ब्रह्मदेश 1942 मध्ये जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ थांबला. माझ्या सासूबाई तेव्हा गिरगावात शाळेत जात होत्या. दोन वेळा भात खाणारे ते घर; कार्डावर तांदूळ कमी आणि बाकी गहू, बाजरी. त्यांची आई भातात रताळे, सुरण, लाल भोपळा असे काहीतरी घालून तो वाढवायची, आणि मुलांना वाढताना भाताची बाजू वर ठेवायची. हे त्या सांगायच्या तेव्हा त्यात गंमतीचा लवलेश नसायचा. त्याच 1943 मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मेली. अंदाज वीस ते तीस लाखांचे आहेत. दिल्लीहून धान्य मागितले जात होते आणि लंडन त्या मानाने फार थोडी जहाजे देत होते. ब्रिटनमध्ये त्या वर्षी पाव रेशनवर नव्हता. युद्ध सुरू असताना तो कधीच रेशनवर गेला नाही, गेला तो 1946 मध्ये. म्हणून वूल्टन पाय मी आवडीने करते, लॉर्ड वूल्टन यांच्या कामाचे कौतुकही करते, पण ‘साम्राज्याने काटकसर शिकवली’ हे लेखाचे उपशीर्षक मला गिळवत नाही. आमच्या जेवणात बंगाली आडनावाचे एक गृहस्थही येतात. त्या दिवशी ते पाय खातात, ताट स्वच्छ करतात आणि या विषयावर एक अक्षर बोलत नाहीत. मीही काढत नाही.

आपल्याला विनंती एवढीच : पुढच्या रविवारी चौकट दुरुस्त करून छापा, आणि कृतीच्या शेजारी माणशी आठवड्याचा शिधा छापा. तराजू घेऊन वाचकाने तो एकदा ताटात मांडून पाहावा, मग भाज्या चिरायला घ्याव्यात. पत्र लांबले आहे, हवे तर कापा. फक्त झाकणाचे प्रमाण कापू नका.

आपली,
एक वाचक, लेस्टर (मूळची सांगलीची)

ता. क. — लेखात ‘पार्सनिपची केळी’ असा नुसता उल्लेख आहे, कृती नाही. भाचीने विचारली म्हणून देते. 1940 च्या अखेरीस केळ्यांची आयात थांबली आणि युद्ध संपेपर्यंत थांबलेलीच राहिली, त्यामुळे कित्येक मुलांना केळे कसे लागते तेच ठाऊक नव्हते. पार्सनिप हे पांढऱ्या गाजरासारखे कंद. थंडीत जमिनीत राहू दिले की गोड होते, म्हणून जानेवारीतले घ्यावे. मधला दांडा काढून उकडा, पाणी पूर्ण निथळू द्या, नाहीतर ज्या पावाला ते लावायचे त्याला ओल येते. कुस्करून त्यात चमचाभर साखर आणि केळ्याचा इसेन्स घाला. इसेन्स दोन थेंबच. तिसरा पडला की नेलपॉलिशसारखा वास येतो.